वजनदार कचरा

द्राक्षे, कांदा, मिसळ, नाशिक रोडला छापल्या जाणाऱ्या नोटा आणि दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, ही नाशिकच्या कर्तृत्वाची नेहमीची यादी. तिच्यात घंटागाडीचे नाव कोणी घेत नाही, हा त्या गाडीवर घोर अन्याय आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बाकीची शहरे कोपऱ्याकोपऱ्यावर कचराकुंड्या मांडून त्यांची संख्या अहवालात अभिमानाने छापत होती. तेव्हा नाशिकने उलटा विचार केला आणि माणसाला कुंडीकडे पाठवण्याऐवजी गाडीच माणसाच्या दारात पाठवली. गाडीला घंटा बांधली आणि कचऱ्याला वेळापत्रक दिले. पुढे राज्यातल्या कितीतरी शहरांनी ही कल्पना उचलली. कुंड्या हळूहळू हटल्या, तिथे उगवणारी कुत्री-गाईंची संसदही बरखास्त झाली. आज घंटा ऐकून नाशिककर ज्या चपळाईने घराबाहेर पडतो, त्या चपळाईने तो मतदानालाही पडत नाही. गाउनवर ओढणी, एका हातात बादली, दुसऱ्या हातात चुलीवरून उतरवायचे राहिलेल्या दुधाची काळजी, आणि तोंडाने “दादा, थांबा, थांबा!” हा घोष. शेजाऱ्यापाजाऱ्यांची रोज हमखास गाठ पडते असे गल्लीतले हे एकमेव सार्वजनिक ठिकाण उरले आहे, आणि तेही चाकांवर.

घंटेत मात्र एक मूलभूत उणीव आहे. “मी आलो” एवढेच तिला सांगता येते, “तुम्ही काय आणलेत” हे विचारता येत नाही. तैवानची राजधानी तैपेई इथेही कचऱ्याची गाडी वाजतगाजत येते. तिच्या भोंग्यावर बेथोवनची धून असते, आणि आपल्याकडे काही शहरांत घरातून कचरा काढायला सांगणारे हिंदी गाणे असते. संगीताची ही तफावत आपण मोठ्या मनाने सोडून देऊ. खरा फरक धुनेच्या पुढचा आहे. तिथे कचऱ्याच्या गाडीमागे पुनर्वापराच्या मालाची गाडी असते, खरकट्याची पिंपे वेगळी असतात, आणि जो कचरा कशातच बसत नाही त्यासाठी सरकारी पिशवी विकत घ्यावी लागते. २००० सालापासून तिथला हा नियम आहे. थोडक्यात, वेगळा केला की फुकट आणि ढीग करून आणला की विकत. आपल्याकडे वेगळा करून आणा नाहीतर गोणीत कोंबून आणा, गाडी दोघांचेही सारख्याच प्रेमाने स्वागत करते. लोकशाहीतली समता इतक्या निर्मळपणे दुसरीकडे क्वचितच पाळली जात असेल.

वास्तविक नियमांची टंचाई नाही. केंद्र सरकारने २०१६ साली घनकचऱ्याचे नियम नव्याने काढले आणि प्रत्येक घराने ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन ढीग वेगळे ठेवावेत असे सांगितले. मग हिरव्या आणि निळ्या बादल्या आल्या. त्यांतली एक बहुतेक घरांत आजही उत्तम कामाला येते, कारण पाणी जाते त्या दिवशी बाथरूममध्ये एक जास्तीची बादली लागतेच. दुसरीत सगळे जाते. वर्गीकरणाच्या शास्त्रातही सामान्य माणसाने गोंधळावे अशी पुरेशी सोय आहे. वाळून खडखडीत झालेला देवाच्या फुलांचा हार ओल्यात जातो आणि दूध निथळणारी पिशवी सुक्यात. नारळाच्या शेंडीवर तर दोन कुटुंबांत कायमचा अबोला धरण्याइतके मतभेद होऊ शकतात. पण हा गोंधळ पंधरा दिवसांचा असतो. ज्या समाजाने सोवळे-ओवळे, उष्टे-खरकटे, उपासाला चालणारे-न चालणारे यांच्या सीमारेषा साबुदाण्याच्या दाण्याइतक्या बारकाईने आखल्या, त्याला कुजणारे आणि न कुजणारे कळत नाही, असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

तरीही या विषयावरच्या चर्चेत पहिला आक्षेप नेमका हाच येतो: “आपली माणसेच तशी नाहीत हो.” हे वाक्य म्हणणारा स्वतःला ‘आपली माणसे’ या सदरातून सोयीस्कर वगळून बोलत असतो, हे एक झाले. दुसरे म्हणजे पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. भंगारवाला दारात आला की याच घरातून काय शिस्तीत माल बाहेर येतो ते पाहावे. वर्तमानपत्रांची रद्दी वेगळी, मासिकांची गुळगुळीत रद्दी वेगळी, पुठ्ठा घडी घालून, बाटल्या झाकणे काढून, लोखंड आणि पत्रा निरनिराळा, तांब्यापितळेचे तर वेगळे गाठोडे. काटा तपासला जातो, भाव ठरतो, आठ रुपयांच्या वादात शेजारचे काकाही पंच म्हणून उतरतात. या व्यवहारासाठी महापालिकेने आजवर एकही जनजागृती फेरी काढलेली नाही. पथनाट्य नाही, फलक नाही, सेलिब्रिटी सदिच्छादूतही नाही. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला वेगळेपणाची किंमत आहे, एवढे एकच कारण पुरते.

पैशाचेच कशाला? मिसळीचे घ्या. नाशिकमध्ये मिसळ येते ती वाटणी होऊनच. मोडाची मटकी इथे, फरसाण तिथे, रस्सा वेगळ्या वाडग्यात, दही, पापड, कांदा, लिंबू आपापल्या जागी. वेटरने परस्पर फरसाणावर रस्सा ओतून आणला, तर गिऱ्हाईक अशा नजरेने पाहते की त्याने पुढच्या जन्मीही वाढपी होऊ नये. कशात काय, किती आणि केव्हा मिसळायचे हा अधिकार नाशिककर शेवटच्या घासापर्यंत स्वतःकडे राखून ठेवतो. तोच माणूस घरी येऊन चहाचा चोथा, रिमोटमधली संपलेली बॅटरी, मुलाचा डायपर आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पत्री एकाच पिशवीत घालून वर गाठ मारतो. हा स्वभाव बदलण्याचा प्रश्न नाही. मिसळीच्या बाबतीत त्याचे कोणीतरी ऐकणार आहे हे त्याला ठाऊक असते आणि कचऱ्याच्या बाबतीत कोणी पाहणारही नाही हेही ठाऊक असते.

याहून भक्कम दाखला गणेशोत्सवाचा. नदीत मूर्ती सोडणे ही गोदाकाठी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. ती बदलायला सांगणे म्हणजे दंगलीलाच आमंत्रण, असा कोणाही शहाण्या अधिकाऱ्याचा सल्ला असता. पण विद्यार्थ्यांच्या एका गटाने ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत घाटावर उभे राहायला सुरुवात केली, महापालिकेनेही कृत्रिम तलाव आणि संकलन केंद्रे मांडली. आता दरवर्षी दीड-दोन लाखांच्या घरात मूर्ती नदीबाहेरच जमा होतात, आणि निर्माल्य त्याच रांगेत वेगळ्या कलशात पडते. प्रत्यक्ष गणपतीला नदीपासून वेगळा करून देणारा नाशिककर वांग्याचे देठ प्लास्टिकपासून वेगळे करू शकत नाही, हे कोणत्या न्यायाने खरे मानायचे? काठावर समोर हात पुढे करून घेणारा माणूस होता. तिथे घाणीबद्दल रागावण्यासाठी नव्हे, तर घेण्यासाठी कोणीतरी उभे होते. जिथे असे कोणी उभे नसते, तिथे पुलांना जाळ्या लावाव्या लागतात. मग जाळीच्या उंचीचा अंदाज घेऊन निर्माल्याची पिशवी त्याहून वर भिरकावण्याचे कौशल्य विकसित होते, आणि या कौशल्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा होत नाहीत याची हळहळ वाटते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. “आम्ही मारे वेगळा करून देऊ, पुढे गाडीत सगळे एकत्रच करतात!” हे वाक्य सिडकोपासून पंचवटीपर्यंत, गंगापूर रोडपासून सातपूरपर्यंत एकमताने ऐकू येते. सहा विभागांचे एवढे ऐक्य पाणीपट्टीवरही होत नाही. अनेकदा ते डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून ते कोणत्याही घोषवाक्यापेक्षा जड पडते. आणि त्याचे कारण गाडीवरच्या माणसाच्या आळशीपणात नाही, ते ठेक्याच्या कागदात आहे.

कचरा वाहण्याचे ठेके आपल्याकडे बहुधा टनावर दिले जातात. काट्यावर गाडी चढते, वजन होते, वजनाला दराने गुणले की बिल तयार. हिशोबाला सोपे, लेखापरीक्षणाला त्याहून सोपे. पण टनावर पैसे मिळू लागले की कचऱ्याचे सारे नीतिशास्त्रच उलटे होते. ओला कचरा सुक्याहून जड, पावसात भिजलेला त्याहून जड, आणि माती-विटांचा सहवास लाभलेला सर्वांत गुणी. मुंबईत २०१७ साली कचऱ्यात डेब्रिज मिसळून वजन फुगवल्याच्या आरोपावरून ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा मोठी खळबळ माजली. वास्तविक आश्चर्य वाटायला हवे होते ते याचे, की वजनावर पैसे देऊनही काही गाड्यांत निव्वळ कचराच कसा येत होता. या हिशोबात गच्चीवर गांडूळखत करणारी गृहिणी भाषणात आदर्श नागरिक ठरते आणि काट्यावर गुन्हेगार. ती रोज अर्धा किलो कचरा दडवून ठेवते. रद्दी भंगारवाल्याला देणारा तिचा नवराही त्याच टोळीतला. उद्या सगळ्या शहराने शहाणपणा करून कचरा निम्म्यावर आणला, तर महापालिकेचा सत्कार समारंभ आणि ठेकेदाराचा शोकसमारंभ एकाच दिवशी ठेवावा लागेल.

गाडीवरच्या माणसाची बाजू घ्यायला हवी, कारण ती कोणी घेत नाही. त्याला एका सकाळी शेकडो दारे करायची असतात. गाडीला जीपीएस आहे. ती कुठून कुठे गेली, कुठे चुकली हे नकाशावर दिसते, आणि फेरी चुकली तर दंडाची अट कागदावर असते. कचरा मिसळला तर मात्र नकाशावर काही उमटत नाही. अशा स्थितीत त्याने प्रत्येक बादलीचे झाकण उघडून काकूंशी हुज्जत घालावी, ही अपेक्षा वरच्या मजल्यावरून करणे सोपे आहे. काकू म्हणणार, “काल त्या दुसऱ्याने घेतला होता की!” काका म्हणणार, “आम्ही टॅक्स भरतो.” तोवर मागे रिक्षा, दुधाची गाडी आणि शाळेची व्हॅन हॉर्न वाजवू लागणार. सगळे एकत्र ओतून पुढे जाणे हा त्याचा निष्काळजीपणा मानला जातो, पण समोरच्या नियमांत त्याच्या जागी कोणीही असता तर हेच केले असते. आपण त्याला धावायचे पैसे देतो आणि निवडून घेतले नाही म्हणून नावे ठेवतो.

मिसळलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते ते पाहायला विल्होळीच्या बाजूला, पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जावे लागते. रस्त्यात पांडवलेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी तिथे डोंगर कोरून मोकळी जागा निर्माण केली. आपण मोकळ्या जागेत डोंगर उभारण्याचे तंत्र शोधून काढले. शहर दिवसाला पाचशे टनांहून अधिक कचरा इकडे धाडते. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग कुजणारा, म्हणजे खताच्या लायकीचा. पण काच, पत्री, शाम्पूच्या पुड्या आणि बॅटऱ्या यांच्यासह गाडीत दाबून आलेल्या या मालाचे यंत्राने कितीही चाळले तरी जे खत होते, त्याची शेतकऱ्याला खात्री वाटत नाही. आणि नाशिकचा शेतकरी म्हणजे काही असेतसे गिऱ्हाईक नव्हे. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या एका रसायनाचा अंश सापडला म्हणून इथल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. त्या हंगामाचा मार बसलेला बागायतदार मुळाशी काय पडते आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. ‘ग्रेपनेट’च्या व्यवस्थेत परदेशी दुकानातली द्राक्षाची पेटी मागे शोधत शोधत निफाड-दिंडोरीच्या नेमक्या बागेपर्यंत पोहोचता येते. सात समुद्रांपलीकडे गेलेला घड कोणाच्या वेलीचा हे आपल्याला सांगता येते, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेलेली पिशवी कोणाच्या घरची हे सांगता येत नाही. तंत्रज्ञान कमी पडत नाही. द्राक्ष नाकारणारा कोणीतरी आहे, आणि कचरा नाकारणारा कोणी नाही, एवढेच.

याच परिसरात जर्मन सरकारच्या जीआयझेड या संस्थेच्या साहाय्याने २०१७ साली एक सुंदर कल्पना उभी राहिली. हॉटेलांतले खरकटे आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करायचा, त्यातून वायू काढायचा, वायूपासून वीज. दिवसाला तीस टनांची क्षमता. माणसाच्या जेवणाचे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही टोकांचे ऐवज एकाच टाकीत आणून प्रकाश पाडायचा, यात तत्त्वज्ञानही आहे. पण या यंत्राचे पोट नाजूक आहे. त्याला निखळ अन्न लागते; थर्माकोलची ताटली, टूथपिकची डबी आणि पाण्याची बाटली पचत नाही. आणि त्याच्या क्षमतेएवढे निवडक खाणे त्याच्या ताटात पडण्याची मारामार सुरुवातीपासून राहिली. ज्या शहरात लग्नसराईत एकेका लॉन्सवर हजार पाने उठतात आणि रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलांबाहेर गाड्या लावायला जागा नसते, तिथे खरकट्यावाचून यंत्र उपाशी राहावे, हा उपहास कोणा लेखकाला सुचला नसता.

स्वच्छ सर्वेक्षणाचे क्रमांक इथे कोणीतरी पुढे करील, म्हणून त्यांचा थोडक्यात निकाल लावू. २०१७ साली नाशिक देशात १५१ वे होते, २०२० साली ११ वे आले. पुढे पुन्हा थोडे खाली सरकले. तीन वर्षांत १४० पायऱ्या चढणे कौतुकाचेच, आणि त्या काळात काम झाले हे नाकारण्याचे कारण नाही. पण सर्वेक्षणाच्या हंगामात भिंतीवर रंगवलेली निळी-हिरवी बादली घरातल्या बादलीपेक्षा नेहमीच अधिक स्वच्छ आणि अधिक वेगळी असते, हेही खरे. भिंतीला गुण मिळतात तोवर भिंत रंगत राहणार.

मग करायचे काय? उत्तर कंटाळवाणे वाटावे इतके साधे आहे: पैसे वजनाला द्यायचे थांबवून वेगळेपणाला द्यायचे, आणि गाडीवरच्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार द्यायचा. ठेकेदाराला घरामागे ठरावीक रक्कम, आणि प्रकल्पाच्या फाटकावर निवडून आलेल्या ओल्या-सुक्या मालाला चढा दर. मिसळलेल्या गाडीला दर कमी, इतका कमी की मिसळणे परवडू नये. एवढे केले की दारात काकूंशी हुज्जत घालण्याची इच्छा ठेकेदाराच्या मनात आपोआप उगवेल. आयुक्तांना परिपत्रक काढावे लागणार नाही. हे हवेतले नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार जाते. घरे त्यांना महिन्याचे शुल्क देतात आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांचेच. म्हणजे मिसळलेला कचरा घेतला तर नुकसान खुद्द घेणारीचे. तिथली मावशी पिशवी उघडून, “ताई, हे काय घातलंय?” असे विचारते, त्या प्रश्नाला शासनाच्या पाच जाहिरातींचे बळ आहे, कारण ती उद्या पुन्हा येणार आहे आणि तिला ताईंचे दार ओळखू येते. नाशिकमध्येही पहाटे पोती घेऊन फिरणाऱ्या बाया आणि भंगाराच्या दुकानांची साखळी आहेच. शहराचा पुनर्वापर आज जो काही होतो तो मुख्यतः त्यांच्या बळावर, आणि तोही त्यांना ओळखपत्र, हातमोजे किंवा ‘या’ म्हणण्याचे सौजन्य न देता.

लहान गावाचे उदाहरण हवे असेल तर वेंगुर्ल्याकडे बोट दाखवता येते. तिथल्या नगरपालिकेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून अधिक प्रकारांत निवडायला सुरुवात केली आणि कचरा डेपो इतका स्वच्छ केला की लोक तिकीट काढून तो पाहायला जाऊ लागले. “ते गाव केवढे, नाशिक केवढे!” हा आक्षेप लगेच येतो, आणि तो निम्मा बरोबर आहे. वीस लाखांच्या शहरात वीस प्रकार चालणार नाहीत. पण वेंगुर्ल्यापासून शिकायचे ते प्रकारांची संख्या नव्हे, क्रम. आधी घेणाऱ्याची व्यवस्था उभी राहिली, मग देणाऱ्याला शिस्त लागली. आपण नेमका उलटा क्रम धरतो. आधी नागरिकांना शपथ देतो, मग बादल्या वाटतो, मग निविदा काढतो, आणि निविदेत शपथेचा उल्लेख करायचा राहून जातो.

मोठ्या आकाराची भीती वाटत असेल तर सेऊलकडे पाहावे. दक्षिण कोरियाने १९९५ साली देशभर पिशवीमागे पैसे घ्यायला सुरुवात केली, २००५ पासून खरकटे जमिनीत पुरायला बंदी केली आणि २०१३ पासून खरकट्याचे वजनावर शुल्क लावले. वजनाचा उपयोग तेही करतात, हे लक्षात घ्यावे. फक्त त्यांच्याकडे जड कचऱ्याचे पैसे टाकणारा भरतो आणि आपल्याकडे जड कचऱ्याचे पैसे उचलणाऱ्याला मिळतात. काटा तोच, फक्त त्याचे तोंड फिरवलेले. आपल्याकडे उद्याच घराघरांतून पिशवीमागे पैसे घ्यावेत असे मी म्हणणार नाही. तसे केले तर रात्री साडेअकराला नासर्डी नदीच्या पुलावर स्कूटर थांबतील, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कोरियातही सुरुवातीला चोरून टाकणारे निघाले होते. म्हणून सुरुवात घरांपासून नको, जे पळून जाऊ शकत नाहीत त्यांच्यापासून हवी. मंगल कार्यालय रात्री स्कूटरवर बसून नासर्डीवर जाऊ शकत नाही. लॉन्स, हॉटेले, बाजार समिती, रुग्णालयांची उपाहारगृहे, शेकडो फ्लॅटच्या सोसायट्या, यांचा पत्ता, पाटी आणि परवाना महापालिकेपाशी असतो. दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी २०१६ च्या नियमांनीच टाकली होती. त्यांचे खरकटे निखळ आले तर घ्यायचे, नाही आले तर तिथेच ठेवायचे. मे महिन्यात दोन दिवस जागेवर राहिलेले हजार पानांचे खरकटे लॉन्सच्या मालकाचे जे प्रबोधन करील, ते कोणत्याही कार्यशाळेच्या आवाक्यातले नाही. शिवाय उपाशी यंत्राचे पोटही भरेल.

दंडाचे काय, असे विचारले जाते. दंडाची आपल्याला भारी आवड. तो जितका मोठा, तितका तो कोणालाच न होण्याची खात्री. राज्यात जून २०१८ पासून प्लास्टिकबंदी अमलात आली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये. पहिल्या महिन्यात पिशव्या दुकानांतून गायब झाल्या, दुसऱ्या महिन्यात गल्ल्याखाली राहायला आल्या. भाजीवाला आता डावीउजवीकडे नजर टाकून पिशवी काढतो, तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीलाही आपण तस्करीचा माल असल्यासारखे वाटत असेल. क्वचित पाच हजारांचा वार होण्यापेक्षा रोज सकाळी “हे नाही घेत, दादा” हे चार शब्दांचे वाक्य अधिक कामाचे. त्याला पावतीपुस्तक लागत नाही, पथक लागत नाही, सुनावणीही होत नाही. परत गेलेली बादली दारात दिवसभर बसून राहते आणि सासूबाई बाकीचे काम करतात.

“पण नगरसेवक हे होऊ देतील का?” हा शेवटचा आक्षेप. गाडीने बादली नाकारली की फोन जाणार, फोन आला की साहेब वाकणार. हा तर्क वर्षानुवर्षे चालला, आणि मग दैवाने नाशिकला त्याची पारख करण्याची दुर्मिळ संधी दिली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. फोन करणारा नगरसेवकच नव्हता. तरीही बादल्या नाकारल्या गेल्याचे कोणाच्या आठवणीत नाही. घंटागाडीचा याच काळातला पाच वर्षांचा ठेका साडेतीनशे कोटींच्या घरातला होता. त्याच्या रकमेवर भरपूर चर्चा झाली, त्या रकमेला आपण काय विकत घेतो आहोत यावर फारशी नाही. तेव्हा अडथळा लोकप्रतिनिधींचा, ही सबब निदान काही काळ तरी बासनात ठेवावी. उलट नव्याने निवडून आलेल्यांना एक साधी गोष्ट पटवता येईल: नाकारलेल्या बादलीबद्दल चिडलेला मतदार एक असतो, आणि कुजलेल्या ढिगाबद्दल चिडलेले गाव अख्खे असते. तेव्हाच्या औरंगाबादेत २०१८ साली नारेगावकरांनी डेपोचा रस्ता अडवला, तेव्हा शहराला महिनोन्‌महिने कचऱ्याबरोबर संसार करावा लागला आणि आयुक्तांची बदली झाली. नाशिकला तसा प्रसंग आला नाही, ही व्यवस्थेची पुण्याई. पण संकट आले नाही म्हणून सुधारणेची घाई नाही, असेही आपले चालले आहे.

सिंहस्थ तोंडावर आहे. २०२७ साली कोट्यवधी माणसे येतील, त्यांच्याबरोबर द्रोण, पत्रावळी, प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाऊचही येतील, आणि हजारो सफाई कामगार घाट रात्रंदिवस चकचकीत ठेवतील. ते त्यांना येते. २०१५ मध्येही आले होते. त्या गर्दीत घरोघरच्या बादल्यांकडे पाहायला कोणाला वेळ नसणार, तेव्हा ही नकाराची प्रथा आधीच सुरू झालेली बरी. कुठून सुरू करायची याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, दिवसाकाठी चहाचे कागदी कप, भज्यांचे तेलकट कागद, बैठकीत उरलेली बिस्किटे आणि बाटलीबंद पाण्याच्या अर्ध्या बाटल्या यांचा मुबलक साठा होत असणार. घंटागाडीवाल्याने एके सकाळी तिथल्या पिंपाचे झाकण उघडावे, आत पाहावे, “वेगळा करून ठेवा साहेब, उद्या येतो,” असे म्हणून घंटा वाजवत पुढच्या दाराला जावे. पुढच्या सोमवारीही तोच माणूस त्याच मार्गावर दिसला, तर कॉलेज रोडवरच्या काकू त्याच दुपारी बाथरूममधली निळी बादली धुऊन स्वयंपाकघरात आणतील.